ड्रॉवरमधलं पाकीट: आयसोट्रेटिनॉइन घ्यावं की नाही?

तुम्ही लिहिलंत ते थोडक्यात असं: वय २४, वजन ५६ किलो. तीन वर्षांपासून जबड्याच्या कडेला आणि पाठीवर मुरुमांच्या खोल, दुखऱ्या गाठी येतात. डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. रात्री अडॅपलिन आणि सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड ही मुरुमांवरची जेलही नेमाने लावून झाली. औषध चालू आहे तोवर बरं, थांबलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांनी आयसोट्रेटिनॉइन, म्हणजे तीव्र मुरुमांवरचं पोटात घ्यायचं औषध, लिहून दिलं. तुम्ही ते आणलंत, आतलं माहितीपत्रक उलगडून वाचलंत आणि पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवून दिलंत. त्याला तीन आठवडे झाले. प्रश्न एवढाच, घ्यावं का?

मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे 'घ्या' किंवा 'नका घेऊ' असं इथून सांगणं बरोबर नाही. पण हे औषध मी वर्षानुवर्षं देत आलेय आणि अनेकांना दिलेलं नाही. तो निर्णय कसा घेते ते सांगते.

माहितीपत्रकाची गंमत अशी की ओठ कोरडे पडणं आणि स्वादुपिंडाला सूज येणं, दोन्ही एकाच ठशाच्या अक्षरांत छापलेलं असतं. पहिलं जवळजवळ प्रत्येकाला होतं, दुसरं माझ्यासारख्या डॉक्टरला आख्ख्या कारकिर्दीत कदाचित दिसणारही नाही. वाचणाऱ्याला हे कळायला मार्ग नाही. म्हणून मी ती यादी वेगळ्या चाळणीतून काढते. औषध थांबवल्यावर यातलं काय मागे फिरतं आणि काय फिरत नाही? मग तोच प्रश्न मुरुमांनाही विचारते, कारण औषध न घेणं हाही एक निर्णयच असतो आणि त्याचेही दुष्परिणाम असतात.

पेशंट समोर बसला की मी खोलीतला वरचा दिवा बंद करते आणि बाजूने टॉर्च धरते. समोरून उजेड असला की चेहरा सपाट दिसतो. बाजूने उजेड आला की प्रत्येक खड्ड्याची सावली पडते. कानाजवळ सुईने टोचल्यासारखी बारीक, खोल छिद्रं, गालावर उथळ, पसरट खळगे, जबड्यावर दोरीसारखा घट्ट झालेला भाग. पाठीवर आणि खांद्यांवर उलटं, तिथे व्रण वर उचलून येतात. मग बोटाने त्वचा हलकेच ताणून बघते. ताणल्यावर खड्डा नाहीसा झाला तर तो उथळ आहे. तसाच राहिला तर खालून धाग्यांनी ओढून धरलाय.

लोक या सगळ्याला सरसकट 'डाग' म्हणतात. पण काळसर किंवा लालसर डाग हा फक्त रंग आहे, ऊन सांभाळलं तर काही महिन्यांत फिका होतो. खड्डा म्हणजे त्वचेच्या आतली इमारत ढासळलेली असते. नंतर लेझर करा, मायक्रोनीडलिंग करा, खालचे धागे सुईने सोडवा, फरक पडतो, पण मूळची त्वचा परत येत नाही. आणि तुमच्यासारख्या खोल गाठी महिनोनमहिने राहिल्या की नवे खड्डे पडतच राहतात. म्हणून माझ्या हिशेबात 'आणखी सहा महिने वाट बघू' हा सुरक्षित पर्याय नसतो. टॉर्चखाली नवे खड्डे दिसले की माझं मन औषधाकडे झुकतं. फक्त बारीक पुरळ आणि काळे ठिपके असतील, व्रण नसतील, तर घाई नसते. तिथे जेल नीट, सलग तीन महिने लावून घ्यायचं असतं, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांनी ते कधीच सलग लावलेलं नसतं.

हे औषध म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाचा एक नातलग. १९७९ मध्ये गॅरी पेक आणि सहकाऱ्यांनी इतर कशालाही न बधलेल्या गाठींच्या १४ रुग्णांना ते चार महिने दिलं. १३ जणांची त्वचा पूर्ण निवळली. मुख्य म्हणजे गोळ्या थांबवल्यावरही ती बरेच महिने निवळलेलीच राहिली. तोवर असं काही झालेलं नव्हतं. १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. त्यानंतर आजवर मुरुमांसाठी याच्या तोडीचं दुसरं औषध आलेलं नाही. कारण सोपं आहे. अँटिबायोटिक जंतूंवर आणि सुजेवर काम करतं, जेल छिद्रं मोकळी ठेवतं. आयसोट्रेटिनॉइन थेट तैलग्रंथीच आकसवतं. तेल आटलं की छिद्रं तुंबत नाहीत, तेलावर जगणारे जंतू उपाशी राहतात, सूज उतरते. तुम्हाला औषध थांबलं की परत येण्याचा जो अनुभव आलाय, तो मुळाला हात न लागल्याचा आहे.

आता तेल आटतं म्हटल्यावर दुष्परिणामांची अर्धी यादी तुम्हीच सांगू शकाल. ओठ, त्वचा, डोळे, नाक, सगळं कोरडं. ओठ तर इतके हमखास फुटतात की महिन्याने आलेल्या पेशंटचे ओठ मऊसूत दिसले तर मी आधी विचारते, "गोळ्या चुकवताय ना?" बहुतेक वेळा उत्तर हसण्यातच मिळतं. साधं, वास नसलेलं पेट्रोलियम जेलीसारखं मलम दिवसातून आठ-दहा वेळा, झोपताना जाडसर थर, आणि जिभेने ओठ ओले करायची सवय बंद. कोपरे चिरले, पिवळी खपली धरली तर जंतुसंसर्ग झालाय, दाखवायला या. काहींचा घोळणा फुटतो. नाकात रात्री तेच मलम लावलं तर सहसा थांबतो. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर त्या खुपायला लागतील, त्याऐवजी चष्मा वापरायची तयारी ठेवा. ऊन चटकन लागतं. भुवया किंवा ओठांवर वॅक्सिंग मात्र करू नका, त्वचा इतकी नाजूक होते की मेणाबरोबर सालही निघते. एका पेशंटने माझं ऐकलं नाही आणि वरच्या ओठावर लाल पट्टा घेऊन आली. तो भरला, पण तिला डाग पुसायला पुढे चार महिने लागले.

पाठ आणि सांधे दुखणं जड व्यायाम करणाऱ्यांना जास्त जाणवतं. केस थोडे गळतात. अंधारात नीट न दिसणं क्वचित होतं, पण रात्री गाडी चालवणाऱ्याला मी ते आवर्जून सांगते. हे सगळं जवळपास नेहमी मात्रेवर अवलंबून असतं. मात्रा उतरवली की हलकं होतं, थांबवली की काही आठवड्यांत जातं.

आणि मात्रा हीच गोष्ट लोक विसरतात. जणू गोळी म्हणजे एक कडा आहे, उडी मारायची किंवा नाही. तसं नसतं. नेहमीचा हिशेब असा: रोज किलोमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम, आणि पूर्ण कोर्सची बेरीज किलोमागे १२० ते १५०. तुमच्या ५६ किलोला ती ६,७२० ते ८,४०० मिलिग्रॅम होते. रोज ४० घेतले तर साधारण साडेपाच ते सात महिने, ३० घेतले तर साडेसात ते नऊ. म्हणजे ओठांना सोसत नसेल तर सावकाश चाला, मुक्काम तोच आहे. मध्यम मुरुमांना तर रोज १० किंवा २० मिलिग्रॅमही अनेकदा पुरतात. त्रास पुष्कळ कमी होतो, फक्त लवकर थांबवलं तर परत येण्याची शक्यता वाढते. गोळी जेवणाबरोबरच घ्यायची, आणि जेवणात थोडी स्निग्धता हवी. उपाशीपोटी घेतलेल्या गोळीतलं निम्मंच अंगी लागतं. 'औषध चाललं नाही' म्हणून आलेल्यांपैकी काही जण रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घेत होते असं निघतं.

सुरुवातीला कमी मात्रा द्यायची हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण शिकले एका मुलाकडून. प्रॅक्टिसच्या सुरुवातीची वर्षं होती. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, छाती-पाठ गाठींनी भरलेली, आई-वडील घाईला आलेले, आणि मलाही लवकर निकाल दाखवायची हौस. पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा सुरू केली. तिसऱ्या आठवड्यात तो शर्ट पाठीला चिकटलेल्या अवस्थेत आला, गाठी फुटून रक्ताळलेल्या, अंगात ताप, गुडघे दुखत होते. औषध थांबवलं, काही आठवडे तोंडाने स्टेरॉइड दिलं, मग अगदी थोड्या मात्रेपासून परत सुरुवात केली. मुलगा बरा झाला. छातीवर दोन उंच व्रण मात्र राहिले, आणि ते माझ्या घाईचे आहेत. तेव्हापासून सूज जितकी जास्त, तितकी माझी पहिली मात्रा लहान. तुमच्या पहिल्या महिन्यातही मुरुम थोडे वाढू शकतात. ते अपेक्षित आहे. ताप आणि सांधेदुखी अपेक्षित नाही, त्या दिवशी फोन करायचा.

रक्ततपासणीची भीती बहुतेकांना नको तेवढी असते. सुरू करण्याआधी एकदा, मग पूर्ण मात्रेवर आल्यावर एकदा, उपाशीपोटी. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) आणि यकृताची एन्झाइम्स बघायची. दोन्ही ठीक असतील तर निरोगी तरुण माणसाला दर महिन्याला सुई टोचायची गरज नसते. ट्रायग्लिसराइड थोडे वाढतात, मात्रा कमी केली की उतरतात. ५०० च्या वर गेले तर मी मात्रा घटवते किंवा थांबवते, कारण ८०० च्या पुढे स्वादुपिंडाची काळजी लागते. जिममध्ये जाणाऱ्याचं एएसटी हे यकृताच्या तपासणीतलं एन्झाइम वाढलेलं दिसलं की यकृताचं नाव काढण्याआधी विचारते, काल काय उचललं होतंस? ते एन्झाइम स्नायूंतूनही येतं. मद्य घेत असाल तर या काळात बंद ठेवा, म्हणजे रिपोर्ट वाचताना कुणालाच कोडं पडणार नाही. 'अ' जीवनसत्त्वाच्या वेगळ्या गोळ्याही बंद.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट विशेष: डॉक्सीसायक्लिन. घरात शिल्लक असेल आणि मध्येच पुरळ वाढलं म्हणून दोन-चार गोळ्या घ्याव्याशा वाटल्या, तर मुळीच नको. ही दोन औषधं एकत्र आली की मेंदूभोवतीच्या द्रवाचा दाब वाढू शकतो. सकाळी उठल्यावर जड डोकेदुखी, उलटी, धूसर किंवा दोन दोन दिसणं, यातलं काही झालं तर गोळी त्याच दिवशी थांबवून नेत्रतपासणी. एकटं आयसोट्रेटिनॉइनही क्वचित हे करतं, पण जोडीने धोका वाढतो.

आता मनाचं. तुम्ही विचारलंय, यामुळे नैराश्य येतं का, आणि तो प्रश्न शेवटच्या ओळीत लिहिलाय, म्हणजे खरी भीती तीच असावी. मोठ्या संख्येने रुग्ण तपासणाऱ्या अभ्यासांत हे औषध घेणाऱ्यांमध्ये नैराश्य किंवा आत्महत्येचं प्रमाण एकूणात वाढलेलं दिसत नाही. तीव्र मुरुमांमुळे मन खचतं हे मात्र पक्कं आहे, आणि चेहरा निवळला की अनेकांचं मन उघडतं. मान खाली घालून, केस गालांवर ओढून बसणारी मुलगी चौथ्या महिन्यात केस मागे बांधून येते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता केसांवरूनच अंदाज घेते. पण सरासरी म्हणजे प्रत्येक माणूस नव्हे. गोळी सुरू झाल्यावर मूड घसरला, थांबवल्यावर सावरला, अशा एकेकट्या नोंदी आहेत आणि मी त्या झटकून टाकत नाही. ब्रिटनमध्ये २०२३ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना हे सुरू करायचं तर दोन तज्ज्ञांचं एकमत हवं असा नियम आणला गेला, तो याच काळजीपोटी. माझी पद्धत साधी आहे. आधी नैराश्य होऊन गेलंय का ते विचारते. 'हो' असेल तर औषध बाद होत नाही, पण त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून मगच देते. आणि घरातल्या एका माणसाला सांगून ठेवायला लावते, कारण स्वतःची चिडचिड किंवा तुटलेली झोप स्वतःला शेवटी कळते. जगणं नकोसं वाटणारा विचार एकदा जरी आला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी मदत घ्यायची.

माझ्या चाळणीलाही भोकं आहेत. डोळ्यांचा कोरडेपणा किंवा लैंगिक इच्छा कमी होणं हे थोड्या लोकांत औषध थांबल्यावरही टिकल्याच्या नोंदी आहेत. दुर्मीळ आहेत, पण पूर्वी आम्ही डॉक्टर त्याबद्दल बोलायचंच टाळायचो, आता सुरू करण्याआधीच सांगते. असं काही जाणवलं तर संकोच न करता पहिल्याच भेटीत बोला.

आणि एक गोष्ट या हिशेबात मी धरतच नाही. ती तराजूत टाकायची नसतेच. गरोदरपण. १९८५ मध्ये एडवर्ड लॅमर आणि सहकाऱ्यांनी पोटात असताना हे औषध मिळालेल्या १५४ गर्भांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यातल्या पुष्कळ गरोदरपणांत गर्भपात केले गेले, काही आपोआप झाले. जन्मलेल्या ४७ बाळांपैकी २१ बाळांमध्ये व्यंग होतं: कान, हृदय, मेंदू, चेहरा. यात 'कमी मात्रा म्हणून चालेल' किंवा 'चारच दिवस घेतली होती' असली सवलत नाही. त्यामुळेच २००६ पासून अमेरिकेत दर महिन्याची गर्भचाचणी केल्याशिवाय बाईच्या हातात पुढच्या महिन्याची गोळी पडत नाही.

म्हणून तुम्हाला, लग्न झालंय की नाही हे न विचारता, सगळ्याच स्त्रियांना सांगते तेच सांगते. आधी गर्भचाचणी, ती नकारार्थी आली तरी पुढच्या पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच पहिली गोळी. संबंध येण्याची शक्यता असेल तर सुरू करण्याच्या महिनाभर आधीपासून ते थांबवल्यावर महिनाभरापर्यंत गर्भनिरोधन, शक्यतो दोन पद्धतींनी. फक्त प्रोजेस्टेरॉन असलेली छोटी गोळी या कामाला पुरेशी भरवशाची मानत नाहीत. पुढच्या वर्षभरात मूल हवंय असं ठरत असेल तर औषध नंतर घ्या, मुरुमांचा इलाज थांबू शकतो. शेवटच्या गोळीनंतर महिना गेला की मात्र औषध शरीरातून गेलेलं असतं. त्यानंतरच्या गरोदरपणाला त्याचा धोका नाही, आणि पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होतो याला आधार नाही. 'तीन वर्षं थांबावं लागतं' असं कुणी सांगितलं असेल तर ते सोरायसिससाठी वापरल्या जाणाऱ्या ॲसिट्रेटिनबद्दल आहे, नावं आणि घराणं जवळचं म्हणून गल्लत होते. रक्तदानही कोर्सभर आणि नंतर महिनाभर नाही, ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढू शकतं. आणि उरलेल्या गोळ्या बहिणीला, मैत्रिणीला द्यायच्या नाहीत, तिचे मुरुम तुमच्यासारखेच दिसत असले तरी.

मी तुमच्या डॉक्टरांच्या जागी असते तर पाकीट उघडण्याआधी एक गोष्ट नक्की विचारली असती. पाळी नियमित आहे का? हनुवटीवर राठ केस, वजन वाढणं, पाळीच्या आधी जबड्यावरच्या गाठी वाढणं, असं काही आहे का? जबड्याच्या कडेने येणारे मुरुम चोविसाव्या वर्षी हार्मोनच्या दिशेने बोट दाखवतात. तसं असेल तर आयसोट्रेटिनॉइनने निवळतील, पण परत येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. तिथे संयुक्त (दोन हार्मोन असलेल्या) गर्भनिरोधक गोळ्या किंवा पुरुषी हार्मोनचा परिणाम रोखणारं स्पायरोनोलॅक्टोन हा रस्ता आधी किंवा नंतर जोडावा लागतो. (स्पायरोनोलॅक्टोनही गरोदरपणात चालत नाही, हे लक्षात ठेवा.) चेहऱ्यावर कुणी दिलेली स्टेरॉइडची क्रीम लावत असाल तर तेही सांगा, त्या पुरळाचा इलाज वेगळा. कॅप्सूलमध्ये सोयाबीन तेल असू शकतं, सोयाची ॲलर्जी असेल तर तेही.

तुमच्या पत्रावरून, पाळीचा प्रश्न सुटला आणि नवे खड्डे पडत असतील, तर मी तुम्हाला २० मिलिग्रॅमवर सुरू केलं असतं आणि महिन्याने ओठ बघून पुढचं ठरवलं असतं. आज एवढं करा. खिडकीशी बसा, उजेड बाजूने येऊ द्या, दोन्ही गालांचा आणि पाठीचा फोटो काढून तारीख टाकून ठेवा. चौथ्या आठवड्यात आरशात बघून तुम्हाला खात्रीने वाटेल की काहीच फरक नाही, उलट वाढलंय. तेव्हा तसाच, त्याच खिडकीशी दुसरा फोटो काढा आणि दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा.